कुणाचाच नसलेला फोन

एम्युलेटरमधला प्रत्येक नवा फोन कॅलिफोर्नियात जन्माला येतो. लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ उघडायचा, यादीतून एखादं मॉडेल निवडायचं, मिनिटभर थांबायचं. पडद्याच्या कडेला फोनचं चित्र उगवतं आणि त्यातला नकाशा उघडला की निळा ठिपका दिसतो तो माउंटन व्ह्यू गावात, गूगलच्या मुख्यालयापाशी. त्याच्या फोन नंबरात ५५५ असतं, अमेरिकी सिनेमांतल्या खोट्या नंबरांत असतं तसं. मग मी त्याच्या सेटिंगमध्ये जाते, अक्षांश १९.०४ आणि रेखांश ७२.८४ असे आकडे टाकते आणि तो पापणी लवायच्या आत माहीमला येऊन पोचतो.

मी टेस्टर आहे. दुसऱ्याने बनवलेली वेबसाइट किंवा ॲप लोकांच्या हाती पडायच्या आधी जमेल तितक्या तऱ्हांनी मोडून बघणं हे माझं काम. त्यातली बरीच वर्षं मी एल. जे. रोडपासून थोडं आत, शितळादेवीच्या देवळाजवळच्या एका जुन्या इमारतीत राहून काढली. लांब सामाईक गॅलरी, मजल्यावर आठ बिऱ्हाडं, आणि जिन्यात चपलांबरोबर सगळ्यांच्या बातम्या. त्या इमारतीचा माझ्या कामाशी काही संबंध असेल असं सुरुवातीला मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

एम्युलेटर लागतो कशाला, हे आधी सांगायला हवं. आयफोनची मॉडेल्स बोटांवर मोजता येतात असं एकेकाळी तरी म्हणता यायचं. अँड्रॉइडचं तसं कधीच नव्हतं. ओपनसिग्नल या संस्थेने २०१५ साली आपल्या ॲपवरून मोजदाद केली, तेव्हा तिला २४,०९३ वेगवेगळी अँड्रॉइड उपकरणं सापडली. प्रत्येकाचा पडदा वेगळा, मेमरी वेगळी, कंपनीने वरून चढवलेला साज वेगळा. एवढे फोन विकत घेऊन कपाटात ठेवणं कुठल्याही कंपनीला परवडणार नाही. म्हणून फोनचं सोंग घेणारा प्रोग्राम वापरायचा.

ही सोंगंही सगळी एका जातीची नसतात. क्रोम ब्राउझरमध्ये एक कळ दाबली की पान फोनच्या मापाचं होतं. हे सोंग म्हणजे नुसता सदरा आहे. रुंदी-उंची फोनची, आत सगळा संगणकच. ॲपल आयफोनसाठी जे साधन देतं त्याचं नाव सिम्युलेटर. तो आयफोनसारखा वागतो, पण चालतो मॅकच्या प्रोसेसरवर आणि मॅकच्या मेमरीवर, त्यामुळे खऱ्या फोनला धाप लावणारं ॲप तिथे आरामात पळतं. खरा एम्युलेटर यंत्राचीच नक्कल करतो. फोनचा प्रोसेसर, त्याची मेमरी, त्याचे सेन्सर हे सगळं तो दुसऱ्या यंत्राच्या पोटात उभं करतो. अँड्रॉइडचा एम्युलेटर ज्या पायावर उभा आहे तो क्यूएमू हा प्रोग्राम फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने लिहिला, २००३ साली तो लोकांपुढे आला. आपल्याकडच्या बहुरूप्याची आठवण यावी असंच हे प्रकरण आहे. तो दारात फौजदार बनून येतो, दरडावतो, दंडही मागतो, क्षणभर पोटात गोळा येतो. पण त्याच्या हातात वॉरंट नसतं.

मुंबईने या बाबतीत जगाला एक मोठी गोष्ट दिली आहे आणि ती फारशी कुणाला माहीत नसते. रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल या पवईच्या आयआयटीतून शिकून निघालेल्या दोघांनी २०११ साली मुंबईत ब्राउझरस्टॅक सुरू केली. वेबसाइट वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये, त्यातही इंटरनेट एक्स्प्लोररच्या जुन्या आवृत्त्यांत तपासण्याचा वैताग जगभर सगळ्यांना होता. त्यांनी ते सगळे ब्राउझर आपल्याकडे मांडून ठेवले आणि भाड्याने दिले. पुढे त्यात खरे फोन आले. फोन कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये रांगेत लावलेले असतात, आपण आपल्या ब्राउझरमधून त्यांच्या पडद्यावर बोट टेकवतो आणि तिकडे तो फोन ऐकतो. २०२१ साली या कंपनीचं मूल्य चार अब्ज डॉलर ठरलं. म्हणजे सोंगाने भागत नाही हे ओळखून खरा फोन दुरून हाती देणं हा एवढा मोठा धंदा आहे. मी ही सेवा वापरते आणि तिच्याशिवाय माझं पान हलत नाही.

तरीही रांगेतला तो फोन खरा असला तरी कुणाचाच नसतो. कुणी त्याच्यात नातवाचे चारशे फोटो ठेवलेले नसतात. तो कधी कणकेच्या हाताने उचललेला नसतो.

मराठीपुरतं बोलायचं तर गडबड अक्षरापासूनच सुरू होते. 'ॲप' हा शब्दच घ्या. त्यातल्या ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली, आवृत्ती ५.१मध्ये. त्याच वर्षी जुलैत ॲपलने ॲप स्टोअर उघडलं. शब्द आणि वस्तू एकाच वर्षी आल्या. पण त्याआधीपासून लोक अ लिहून त्यावर चंद्र काढत होते आणि अजूनही काढतात. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं, यंत्राला नाही. एका फोनवर ते नीट उमटतं, दुसऱ्यावर अ वेगळा आणि चंद्र एका ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला. ल आणि श यांचं असंच. मराठीसाठी त्यांची कुठली रूपं प्रमाण, हे राज्य सरकारने २००९ साली शासन निर्णय काढून सांगितलं. काही फाँटांत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही रूपं असतात, पण वेबपानाने 'मी मराठीत आहे' असं आत कुठेतरी लिहून ठेवलं नाही तर फोन गुपचूप हिंदी ल काढतो. एम्युलेटरमध्ये गूगलने दिलेला स्वच्छ फाँट असतो. माहीममधल्या निम्म्या पोरांनी फोनच्या थीममधून नक्षीदार फाँट बसवून घेतलेला असतो.

आकड्यांची तऱ्हा आणखी गमतीची. मराठी कीबोर्ड लावला की आकडेही पुष्कळदा मराठी येतात. जावास्क्रिप्टमध्ये 'इथे आकडा हवा' असं सांगायची जी रूढ खूण आहे तिला फक्त रोमन शून्य ते नऊ हेच आकडे वाटतात. त्यामुळे एखादी बाई आपला मोबाइल नंबर शुद्ध मराठीत, एकही आकडा न चुकता लिहिते आणि फॉर्म तिला लाल अक्षरांत म्हणतो, कृपया योग्य नंबर भरा. ती चष्मा पुसून पुन्हा तोच नंबर भरते. मी लॅपटॉपच्या कीबोर्डवरून एम्युलेटरमध्ये नंबर टाकला तर हे कधीच दिसणार नाही, कारण माझ्या कीबोर्डवर आकडे रोमन आहेत.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहायच्या. पंचाहत्तरीच्या आसपास, मधुमेह जुना, दिवसातून दोनदा इन्शुलिन. मुलगा डोंबिवलीला, त्याने आपला जुना फोन त्यांना दिला होता आणि त्यात औषधं घरी आणून देणारं एक ॲप टाकून दिलं होतं. ॲप मराठीत होतं, काकू खूश होत्या. एका दुपारी त्यांनी मला गॅलरीत गाठलं.

"अगं, तू फोनचंच काम करतेस ना? डॉक्टरांनी माझं इन्शुलिन बंद केलंय का गं?"

"तुम्हाला कोण म्हणालं?"

"हा म्हणतोय." त्यांनी फोन पुढे केला. "तीनदा मागवलं. तिन्ही वेळा रद्द."

मी ऑर्डर पुन्हा भरून पाहिली. शेवटच्या पानावर औषधाचं नाव, पत्ता, किंमत आणि खाली एकच बटण होतं, 'रद्द करा'. काकूंनी ते तीन वेळा दाबलं होतं, कारण दाबायला दुसरं काही नव्हतंच. त्यांच्या फोनमध्ये अक्षरं सगळ्यांत मोठी केलेली होती. 'मागणी निश्चित करा' हे लांबलचक मराठी बटण त्या आकारात दोन ओळींचं झालं होतं आणि पडद्याच्या खाली गेलं होतं. पान वर सरकत नव्हतं, कारण बनवणाऱ्याने त्याची उंची बांधून टाकली होती. त्याच्या पडद्यावर सगळं बरोबर मावत होतं.

मी आधी अक्षरं लहान करून ऑर्डर पाठवली आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून तेवढ्या दिवसाचं इन्शुलिन आणून दिलं. काकूंकडे एका वेळचाच डोस उरला होता. दुकान खाली शंभर पावलांवर होतं, तरी त्या तिथे गेल्या नव्हत्या. डॉक्टरांनीच बंद केलं असेल तर आपण कशाला विचारायचं, अशी त्यांची समजूत.

ते ॲप आमच्या कंपनीचं नव्हतं, त्याची तक्रार मी त्या कंपनीला लिहून पाठवली. पण त्या रात्री मी ते एम्युलेटरमध्ये उघडलं. व्यवस्थित चाललं. मग सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार शेवटपर्यंत ओढला आणि तिथेही बटण गायब झालं. म्हणजे एम्युलेटर खोटं बोलला नव्हता. त्याला अक्षरं मोठी करता येतात, नेट मंद करता येतं, बॅटरी संपवता येते, फोन येतोय असं भासवता येतं. तो विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. काकूंचा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नव्हता.

हे मी आमच्या मॅनेजरला सांगितलं तेव्हा त्याने शांतपणे ऐकून घेतलं. तो समजूतदार माणूस आहे. "अशा किती काकूंचा विचार करायचा?" त्याने विचारलं. "प्रत्येक माणसाचा फोन वेगळा. यादी संपणार कुठे?" त्याचं म्हणणं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं. तपासणीला दिवस मोजून मिळतात. त्यात पंधरा मॉडेल्स, दोन भाषा, तीन ब्राउझर एवढं उरकलं की रिपोर्ट हिरवा होतो आणि ॲप बाहेर पडतं.

मी मग मॉडेल्सऐवजी माणसांची यादी करायला लागले. माहीम त्यासाठी फार सोयीचं आहे. पंधरा मिनिटांच्या चालीत इथे सगळ्या तऱ्हेचे फोन भेटतात. गोपी टँक मार्केटमधली मासळीवाली मावशी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते आणि पिशवीवरूनच ओल्या अंगठ्याने दाबते. एम्युलेटरमध्ये मी माउसच्या टोकाने दाबते, ते टोक सुईसारखं. गूगलची शिफारस आहे की दाबायची जागा किमान ४८ एकक हवी, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर. मावशीच्या अंगठ्यापुढे तेही कमीच पडतं. बुधवारी सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाला आलेली माणसं फूटपाथवर उभी राहून, उन्हात, एका हातात मेणबत्त्या धरून फोन बघतात. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं लिहिणाऱ्या डिझायनरने त्या गर्दीत पाच मिनिटं उभं राहावं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान साडेचारास एक इतका फरक हवा, हा वेबचा नियम त्याला कुठल्याही पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळेल. माहीमहून गाडी सुटली की वांद्र्याच्या आधी मिठी नदीवरचा पूल लागतो. गर्दीत माणसाचा एक हात कडीला, दुसऱ्या हातात फोन, आणि नेट येतं-जातं. एम्युलेटरमध्ये नेटचा वेग यादीतून निवडता येतो, एज म्हटलं की एज, एलटीई म्हटलं की एलटीई. पैसे भरायचं बटण दाबल्यावर बरोबर त्या क्षणी नेट गेलं आणि अकरा सेकंदांनी परत आलं, हा पर्याय त्या यादीत नाही. तो मला हाताने घडवावा लागतो.

काही गोष्टी मात्र हातानेही घडवता येत नाहीत. तळमजल्यावरचे काका रेल्वेतून निवृत्त झालेले. पेन्शन चालू राहायची तर दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. 'जीवन प्रमाण' ही त्यासाठीची डिजिटल सोय सुरू झाली १० नोव्हेंबर २०१४ रोजी. तेव्हा बोटाचे ठसे किंवा डोळ्यांची बुबुळं यंत्रावर द्यावी लागत, आणि म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात. नोव्हेंबर २०२१पासून चेहरा दाखवूनही दाखला मिळू लागला, घरबसल्या, अँड्रॉइड फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने. काकांनी मला मदतीला बोलावलं. त्यांच्या खोलीत दिवसाही ट्यूबलाइट लागते आणि ती नेमकी त्यांच्या डोक्यामागे. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. फोन त्यांना पापण्या मिटायला सांगत होता आणि ते उजेडाने आधीच डोळे बारीक करून बसले होते.

"मी जिवंत आहे हे याला पटत नाहीये," काका म्हणाले.

"बाहेर गॅलरीत या काका, उजेडात."

गॅलरीत चौथ्या वेळेला जमलं. शेजारच्या बिऱ्हाडातली मुलं टाळ्या वाजवत होती आणि काका हसता हसता पापण्या मिटत होते.

एम्युलेटरमधल्या कॅमेऱ्यापुढे एक काल्पनिक खोली मांडलेली असते, तिच्यात माणूस नसतो. हवं तर लॅपटॉपचा कॅमेरा जोडता येतो, पण मग त्यात माझा चेहरा येतो, माझ्या टेबलावरच्या चांगल्या उजेडात. शिवाय पैशांच्या व्यवहाराची पुष्कळ ॲप्स एम्युलेटर ओळखून त्यात चालायलाच नकार देतात. त्यांना तसं वागायला कारण आहे. डिसेंबर २०२०मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी चोरांची एक टोळी उजेडात आणली. तिने वीसेक एम्युलेटर वापरून १६,०००हून जास्त खऱ्या फोनांची सोंगं घेतली होती आणि अमेरिका-युरोपातल्या बँकांच्या खात्यांतून लाखो डॉलर उचलले होते. ज्या साधनाने आम्ही ॲप तपासतो त्याच साधनाने ॲप फसवता येतं. म्हणून अशा ठिकाणी तपासणीला खरा फोन, खरा ओटीपी आणि खरा माणूस लागतोच.

बाकी जे नोंदवता येण्यासारखं होतं ते मी नोंदवत गेले. एम्युलेटरमध्ये बनवलेल्या प्रत्येक फोनला नाव देता येतं. देवनागरी चालत नाही, रोमन अक्षरांतच लिहावं लागतं. मी नाव दिलं 'तिसरा मजला'. अक्षरं सगळ्यांत मोठी, भाषा मराठी, मेमरी कमी, स्टोरेज जवळजवळ भरलेलं, कारण काकूंच्या फोनमध्ये सुप्रभातच्या फुलांनी जागाच ठेवली नव्हती. मग 'तळमजला', मग 'मासळी बाजार', मग 'पूल'. वर्षभरात अकरा झाले. रोज रात्री दोन वाजता ॲपची नवी आवृत्ती या अकरांवर आपोआप चालते आणि सकाळी रिपोर्ट येतो. मॅनेजरने तो एकदा पाहिला, 'तिसरा मजला' लाल झालेला पाहून काय ते विचारलं आणि त्या दिवसापासून हे अकरा फोन आमच्या अधिकृत यादीत आले. विकत काहीच घ्यावं लागलं नाही, हे त्याला विशेष आवडलं.

आमची इमारत उपकरप्राप्त होती, म्हणजे सप्टेंबर १९६९च्या आधीची. अशा इमारतींचं शेवटी जे होतं तेच तिचं झालं. पुनर्विकासाचे कागद झाले, भाड्याचे चेक आले आणि दोन महिन्यांत आठ-आठ बिऱ्हाडांचे मजले रिकामे झाले. काका विरारला गेले, काकू डोंबिवलीला मुलाकडे, मी मोरी रोडवर भाड्याने. तिथे आता पत्र्याचं कुंपण आहे आणि आत खड्डा. माझ्या लॅपटॉपमध्ये मात्र 'तिसरा मजला' रोज रात्री दोनला उठतो, मोठ्या अक्षरांत इन्शुलिनसारखं काहीतरी मागवतो आणि पास होतो.

सलग पाच महिने तो पास झाल्यावर मला शंका यायला लागली. नक्कल जशी काढली तशीच राहते, माणूस तसा राहत नाही. म्हणून आता मी महिन्यातून एकदा काकूंना फोन करते, तब्येतीची चौकशी होते आणि मग फोनची. मागच्या वेळी त्या म्हणाल्या, "नवा दिलाय गं मुलाने. छान आहे. अक्षरं केवढाली होतात!" अँड्रॉइडच्या १४व्या आवृत्तीपासून अक्षरं दुप्पट करता येतात, तो फोन असणार.

"आणि मराठीच आहे ना सगळं?"

"नाही गं. नातवाने इंग्रजी करून ठेवलंय. काही अडलं की त्यालाच बघावं लागतं, आणि त्याला मराठी वाचता येत नाही."

"मग तुम्हाला कसं कळतं काय दाबायचं?"

"हिरवं दाबते," काकू म्हणाल्या. "लाल नाही दाबायचं, एवढं लक्षात ठेवलंय."

मी 'तिसरा मजला' उघडला. अक्षरं दुप्पट केली. भाषा मराठीवरून इंग्रजी करताना हात जरा थांबला, पण केली. डिझायनरांकडून पुढच्या आवृत्तीचे नवे रंग आले होते. त्यात सगळी बटणं एकाच गडद निळ्या रंगाची होती, पुढे जायचं आणि रद्द करायचं दोन्ही. मी त्यावर तक्रार नोंदवली आणि कारणाच्या रकान्यात काकूंचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. अजून तिचा निकाल लागलेला नाही.